पोहरा आणि ढकलगाडी

घरोघरी नळ येण्यापूर्वी भालकीच्या परिसरात पाण्याचा सारा आधार आडाचा आणि विहिरीचा होता. ज्या आडावर चार घरांत मिळून एक दोर आणि एक पोहरा असे, तेथे एक अलिखित नियम पाळला जाई. घागर भरली की पोहरा पालथा घालावयाचा, दोराचे वेढे करून तो खांबाला अडकवावयाचा, आणि मगच घागर उचलावयाची. पोहरा दोरासकट पाण्यात सोडून देणे हा मोठा अपराध समजला जाई. कारण मागून येणाऱ्या बाईला कोणाच्या तरी घरून गळ मागून आणावा लागे, आणि तो आडात फिरवीत घटका घटका उभे राहावे लागे. या नियमासाठी कोणी ठराव केला नव्हता की दंड ठेवला नव्हता. तरीही तो पाळला जाई.

गावगाड्यातील इतर व्यवहारांतही हीच रीत दिसे. एकेका बैलाचे धनी असलेले दोन शेतकरी वारंगुळा करून एकमेकांची नांगरट उरकीत, आणि दुसऱ्याचा बैल वैरणपाणी दाखवूनच त्याच्या दावणीला परत बांधीत. शेजारणीकडून आलेले भांडे रिकामे परत करू नये, असे घरातील वडीलधाऱ्या बायका लेकीसुनांना सांगत. हैदराबाद राज्यातून १९५६ साली म्हैसूर राज्यात आलेल्या आणि १९७३ पासून कर्नाटक म्हणविणाऱ्या राज्यात असलेल्या या गावी मराठी, कानडी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा बाजारात कानी पडतात. राज्ये बदलली, नाणी बदलली; परंतु घेतलेली वस्तू पुढच्या माणसासाठी जागच्या जागी ठेवावी हा धडा तिन्ही भाषांत एकच राहिला.

आज याच भागातील कुटुंबे कामानिमित्त वा मुलांच्या शिक्षणानिमित्त हैदराबाद, सोलापूर, पुणे अशा शहरांत जातात. तेथील मोठ्या दुकानांत दाराशीच त्यांच्या हाती एक वस्तू येते, आणि ती पोहऱ्याच्याच जातीची आहे. ती म्हणजे चार चाकांची, तारेच्या जाळीची ढकलगाडी, जिला सर्वजण ट्रॉली म्हणतात. ती कोणाच्याही मालकीची नसून दिवसभर सर्वांच्या उपयोगाची असते. सामान मोटारीत भरून झाले की प्रश्न उभा राहतो: ही गाडी तिच्या जागी नेऊन लावावयाची, की जेथे असेल तेथेच सोडून चालते व्हावयाचे? प्रश्न क्षुल्लक वाटतो; परंतु त्याचा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

या गाडीचा जन्म अमेरिकेत झाला. तेथेही पूर्वी गिऱ्हाइकाने फळीपलीकडे उभे राहावे आणि दुकानदाराने माल काढून द्यावा, अशीच पद्धत होती. १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने मेम्फिस शहरात असे दुकान उघडले की, तेथे गिऱ्हाइकाने स्वतः आत फिरून हवा तो माल टोपलीत घ्यावा. ही पद्धत लोकांना रुचली. पण टोपली जड झाली की खरेदी थांबे. ओक्लाहोमा सिटी येथे दुकानांची एक साखळी चालविणाऱ्या सिल्व्हन गोल्डमन यांना ही अडचण जाणवत होती. एका घडीच्या खुर्चीवरून त्यांना युक्ती सुचली. फ्रेड यंग या कारागिराच्या मदतीने त्यांनी खुर्चीच्या सांगाड्याला चाके लावली, वर दोन टोपल्या ठेवल्या, आणि जून १९३७ मध्ये ही गाडी आपल्या दुकानांत आणली.

मौज अशी की, प्रथम ती कोणी घेईना. तरुण स्त्रियांना ती बाबागाडीसारखी दिसे, तर आपल्या मनगटात टोपली उचलण्याचे बळ नाही असे दिसेल, म्हणून पुरुष संकोचत. शेवटी गोल्डमन यांनी निरनिराळ्या वयांच्या स्त्रीपुरुषांना वेतन देऊन दुकानात गाड्या ढकलीत फिरण्यास सांगितले. त्यांना पाहून इतरांची भीड चेपली. या गाडीच्या इतिहासातील पहिलाच धडा असा आहे की, तिच्या बाबतीत माणूस जे करतो ते बव्हंशी दुसऱ्याला पाहून करतो.

ही पहिली गाडी दुकानाच्या आतच राही. काम झाले की नोकर टोपल्या एकीत एक रचीत आणि सांगाडा मिटून ठेवीत. गाडी परत करण्याचा प्रश्न त्या वेळी गिऱ्हाइकाचा नव्हताच. तो पुढे दोन कारणांनी निर्माण झाला. १९४६ साली कॅन्सस सिटीचे ऑर्ला वॉटसन यांनी गाडीची मागील बाजू बिजागरीवर उचलली जाईल अशी केली, त्यामुळे एक गाडी दुसरीच्या पोटात शिरू लागली. घडी घालण्याचे काम संपले, आणि थोड्या जागेत गाड्यांची लांबच लांब ओळ उभी करता येऊ लागली. दुसरे कारण म्हणजे, महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी मोटार आली आणि दुकानांपुढे मोटारी उभ्या करण्याची विस्तीर्ण पटांगणे झाली. गाडी दुकानाचा उंबरा ओलांडून मोटारीपर्यंत जाऊ लागली. नेणारा गिऱ्हाईक होता; परत आणणारा कोण, हे मात्र ठरले नव्हते.

या अनिश्चिततेचे परिणाम लवकरच दिसू लागले. सुट्या गाड्या वाऱ्याने घरंगळून मोटारींवर आदळत, मोटारींच्या जागा अडवून बसत. काही तर पार वस्तीपर्यंत जाऊन गटारांत पडत. कॅलिफोर्नियासारख्या राज्याला, परवानगीवाचून गाडी दुकानाच्या आवाराबाहेर नेण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला. आवाराच्या आत मात्र कायद्याचा हात पोहोचला नाही. तेथे गाडी सोडून जाणाऱ्याला शिक्षा नाही, आणि जागेवर लावणाऱ्याला बक्षीसही नाही.

युरोपातील व्यापाऱ्यांनी यावर नाण्याचा उपाय काढला. १९८० नंतरच्या दशकात तेथे नाण्याच्या कुलपाच्या गाड्या पसरल्या. प्रत्येक गाडी पुढच्या गाडीला साखळीने जखडलेली असते. मुठीजवळच्या खाचेत नाणे घातले की साखळीची किल्ली सुटते. परत आणून ओळीत लावली आणि किल्ली पुन्हा बसविली की नाणे बाहेर येते. भाडे नाही, केवळ अनामत. तेवढ्या एका नाण्यासाठी सुखवस्तू माणूसही पटांगण ओलांडून परत येतो. परंतु या नाण्याने गाडी परत आणली तरी तिच्याविषयीची जबाबदारी परत आणली, असे म्हणता येत नाही. आडावरचा पोहरा कोणी अनामतीसाठी खांबाला अडकवीत नव्हते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. एका दुकानाजवळच्या मोटारतळात त्यांनी गाड्या परत नेऊन ठेवण्याची विनंती लावली आणि उभ्या मोटारींच्या काचांवर जाहिरातीचे कागद खोचले. आवारात एकही सुटी गाडी नव्हती, तेव्हा शंभरांपैकी तीस जणांनी तो कागद जमिनीवर टाकला. काही गाड्या मुद्दाम इतस्ततः सोडून ठेवल्या, तेव्हा तसे करणाऱ्यांची संख्या शंभरांत अठ्ठावन्न झाली. गाडीचा कागदाशी काही संबंध नव्हता. पण एका ठिकाणी नियम मोडलेला दिसला की दुसरा नियम पाळण्याची इच्छा मंदावते, हे या प्रयोगाने दाखविले. गोल्डमन यांनी अनुकरणाचा लाभ घेतला होता. येथे त्याच अनुकरणाची उलटी बाजू दिसली.

जे गाडी परत करीत नाहीत ते सर्वच बेफिकीर असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटारीत लहान मूल एकटे असते, पाऊस कोसळत असतो, कोणाचे गुडघे दुखत असतात. अशांनी गाडी निदान कोणाच्या वाटेत येणार नाही अशी उभी करावी, आणि ज्याला शक्य आहे त्याने आपल्या गाडीबरोबर तीही ओळीत नेऊन लावावी, इतका समंजसपणा शिष्टाचारात बसतो. परंतु या सर्वांहून निराळे असे एक कारण वारंवार ऐकू येते: "गाड्या गोळा करावयास दुकानाने माणूस ठेवला आहे. तेच त्याचे काम." भारतात तर हे वाक्य अधिकच सहजपणे तोंडी येते.

वस्तुतः त्या माणसाचे काम ओळीतील गाड्या दारापर्यंत नेणे हे असते. उन्हातान्हात मोटारींच्या फटीफटींतून एकेक गाडी हुडकीत फिरणे, हे गिऱ्हाइकांनी त्याच्या माथी मारलेले काम होय. तथापि खरी गोष्ट याहून खोल आहे. 'आपण टाकावे, दुसऱ्याने उचलावे' ही समजूत या देशात ढकलगाडीबरोबर आलेली नाही. काही हातांनी वापरावे आणि काही हातांनी मागचे आवरावे, अशी वाटणी येथे शतकानुशतके जन्मावरून होत आली. म्हणून पोहऱ्याच्या त्या सुंदर रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

पोहरा पुढच्या माणसासाठी ठेवला जाई हे खरे. पण तो पुढचा माणूस कोण, हे आधीच ठरलेले असे. गावातील कित्येक माणसांना त्या आडाला, त्या दोराला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. ती माणसे दूर उभी राहून कोणी आपल्या भांड्यात पाणी ओतील याची वाट पाहत. दुकानाच्या फळीपाशीही त्यांची हीच गत होती. माल निवडून घेणे राहोच, पैसे हातात देणेही त्यांना वर्ज्य असे. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ओळखीच्या माणसांच्या वर्तुळात जे सौजन्य नांदत होते, ते वर्तुळच अपुरे होते, हे या घटनांनी देशापुढे मांडले.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात एक लक्षणीय गोष्ट आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास मज्जाव करता येणार नाही अशी जी स्थळे त्यात सांगितली आहेत, त्यांत दुकाने आहेत आणि विहिरी व तलावही आहेत. आड आणि दुकान ही दोन्ही ठिकाणे घटनाकारांनी एकाच उपकलमात एकत्र आणली.

त्यानंतरचा काळ दुकानांच्याही पालटाचा आहे. मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार'चा आरंभ झाला होता. पुढे मोठी शहरे हळूहळू हाताने माल निवडण्याच्या पद्धतीला सरावली. २००२ साली पवईत 'डी-मार्ट'चे पहिले दुकान उघडले, आणि पाहता पाहता ढकलगाडी मध्यम शहरांतही परिचयाची झाली. या दुकानाच्या दाराशी गाडी घेताना कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही. सकाळी जिच्या मुठीवर एका गृहिणीचा हात असतो, तिच्यावर दुपारी एखाद्या हमालाचा आणि संध्याकाळी एखाद्या वकिलाचा हात पडतो. आडावरच्या पोहऱ्याला जे भाग्य लाभले नाही, ते या तारेच्या गाडीला लाभले आहे.

म्हणूनच ती परत करण्याच्या रीतीला निराळे मोल आहे. आडावर पोहरा जागेवर ठेवणारीला ठाऊक असे की मागून आपलीच जाऊबाई किंवा शेजारीण येणार आहे, आणि चुकले तर गावात बोल लागणार आहे. दुकानाच्या पटांगणात बोल लावणारे कोणी नसते. मागून येणारा माणूस अनोळखी असतो; त्याची जात, भाषा, गाव यांपैकी काहीच ठाऊक नसते, आणि तो कधी आभार मानावयास भेटणारही नसतो. त्याच्यासाठी पंचवीस पावले चालून जाणे हा शेजारधर्माच्या पुढचा टप्पा आहे. त्याला नागरिकधर्म म्हणता येईल.

भालकीच्या माणसाला हा विचार परका वाटू नये. त्याच बिदर जिल्ह्यातील कल्याण नगरीत, आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी आणि त्यांच्या सहकारी शरणांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे शिकविली. कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही, हे कायक. आणि समाजाकडून जे मिळाले ते समाजाच्या चरणी परत पोहोचवावे, हा दासोह. त्या शरणांत निरनिराळ्या जातींची आणि व्यवसायांची स्त्रीपुरुष मंडळी होती. उचलण्याचे काम अमक्याचेच, ही समजूत त्यांनी आठशे वर्षांपूर्वी नाकारली होती.

शाळेत जाणारी मुले मोठ्यांचे बोलणे थोडे ऐकतात आणि करणे फार पाहतात. सामान मोटारीत ठेवून आई किंवा वडील गाडी ढकलीत ओळीपर्यंत गेले, तर मूल न सांगताच बरोबर चालू लागते आणि शेवटचा धक्का आपल्या हाताने देते. गाडी पुढच्या गाडीत शिरते. वॉटसन यांच्या रचनेत ओळीला शेवटी लावलेली गाडी सर्वांआधी उचलली जाते. म्हणजे त्या मुलाने लावलेली गाडी थोड्याच वेळात नव्या गिऱ्हाइकाच्या हाती जाईल. ते मूल त्या गिऱ्हाइकाला ओळखत नसेल. पण पोहरा पालथा घालून दोराचे वेढे करणारी पणजी जिवंत असती, तर तिने नातवंडाचे ते कृत्य तत्काळ ओळखले असते.