पोचीन, मोह आणि आजोबांचा हिशेब

परवा होळी झाली. गावाला गेलो होतो, पडघ्याच्या पुढे आत. होळीला नैवेद्य दाखवला, नारळ पडला, पोरांनी घसा बसेपर्यंत बोंबा मारल्या. तेवढ्यात आमच्या आळीतल्या एकाने जवळ येऊन विचारलं, "मास्तर, आयर्लंडवरून आणलेली ती बाटली संपली का हो?"

नाही संपली. अर्धी आहे अजून. आज त्या बाटलीची गोष्ट सांगतो. लेख लांबलाय, पण यात आपल्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास आहे, जो शाळेच्या पुस्तकात येत नाही. मी तीस वर्षं इतिहास शिकवला. मलाही तो डब्लिनला जाऊन आठवला, हे आधीच कबूल करतो.

२०२२ चा मार्च. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. १७ मार्चला त्यांचा सेंट पॅट्रिक डे. कोरोनामुळे दोन वर्षं मिरवणूक निघाली नव्हती, ती त्या वर्षी निघाली. शिवाय कोरोनात गेलेल्यांच्या स्मरणार्थ १८ तारखेलाही सरकारने सुट्टी दिली होती. सगळं शहर हिरवं. आणि योगायोग बघा, त्याच दिवशी आपल्याकडे होळी. तिथे दुपारचे साडेतीन, इथे रात्रीचे नऊ. भाच्याने व्हिडिओ कॉल लावला. समोर गावची होळी पेटलेली, आणि माझ्यापुढे ताटात आयरिश जेवण.

जेवण काय, तर बटाटा. उकडून कुस्करलेला, त्यात शिजवलेला कोबी, मधोमध खळगा करून लोण्याचा गोळा. याला ते कोलकॅनन म्हणतात. सोबत सोडा ब्रेड. तिथला गहू मऊ, यीस्ट घालून फार फुगत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा आणि ताक घालून पाव भाजायची पद्धत घरोघरी रुळली. मळा, थापा, भाजा. भाच्याची बायको म्हणाली, "मामा, ही त्यांची भाकरीच समजा." खरंच होतं ते. गरिबाच्या घरात जे आहे त्यातून जे निघतं, ते जगात सगळीकडे सारखंच दिसतं.

पण त्या बटाट्यामागे फार मोठं दुःख आहे. जमीन इंग्रज जमीनदारांची, चांगलं धान्य खंडापायी विकायचं, आणि कुळाने तुकडाभर जमिनीत बटाटा लावून जगायचं. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली. आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. हे ऐकलं की १८७६-७८ चा आपला दख्खनचा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही.

जेवणानंतर भाच्याने दोन बाटल्या काढल्या. एक आयरिश व्हिस्की, सोनेरी रंगाची. दुसरी पाण्यासारखी पांढरी. म्हणाला, "मामा, ही वास घेऊन सांगा कसली." मी वास घेतला आणि थेट गावच्या ओढ्यावर पोचलो. मोह नव्हता तो, पण जात तीच. पहिल्या धारेची.

तिचं नाव पोचीन. आयरिश भाषेत त्याचा अर्थ छोटं भांडं. म्हणजे आपली हातभट्टीच! बार्ली, कधी बटाटा, पीटच्या जाळावर डोंगरात लपून गाळायची. १६६१ मध्ये सरकारने दारूवर कर बसवला. तिथून पुढे, कर भरून गाळणारा तो कारखानदार आणि न भरता गाळणारा तो गुन्हेगार. दारू तीच, भांडं तेच, फरक पावतीचा. कित्येक कुळं जमीनदाराचा खंड भरायला पोचीन विकायची. मग खास पोलीस आले. एका घरात भट्टी सापडली तर अख्ख्या वाडीला दंड व्हायचा. हे महसुली पोलीस १८५७ पर्यंत डोंगर पिंजत होते.

गंमत म्हणजे सोनेरी व्हिस्कीची चवसुद्धा करानेच घडवलेली आहे. अठराव्या शतकात मोड आणलेल्या बार्लीवर कर लागला, तेव्हा कर वाचवायला भट्टीवाल्यांनी निम्मीशिम्मी बिनमोडाची बार्ली मिसळायला सुरुवात केली. आज तीच चव जगात खास आयरिश म्हणून महाग विकली जाते. आणि ज्या सणाला आज जग हिरवी टोपी घालून पितं, त्या दिवशी स्वतंत्र आयर्लंडमध्ये १९२७ च्या कायद्याने पब बंद असायचे, पार १९६० च्या आसपासपर्यंत. पक्का ड्राय डे! त्या दिवशी डब्लिनमध्ये राजरोस पेला मिळायचा तो कुत्र्यांच्या प्रदर्शनात, म्हणून अचानक बऱ्याच लोकांना कुत्र्यांविषयी प्रेम वाटायला लागायचं म्हणे.

पोचीनवरची बंदी मात्र १९९७ ला उठली. १६६१ ते १९९७. तीनशे छत्तीस वर्षं. २००८ मध्ये युरोपने तिला भौगोलिक मानांकनाचं संरक्षण दिलं. आज ती विमानतळावर, सुंदर लेबल लावून. मी तिथूनच एक घेतली. तीच माझ्या शोकेसमधली बाटली.

आता आपल्याकडे या.

आपल्या तालुक्यात फेब्रुवारी सरला की मोह फुलतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा. कातकरी, वारली, ठाकूर बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन हजर. फूल वाळवून ठेवायचं. धान्य संपलं की उकडून खायचं, बियांचं तेल काढायचं, आणि हो, दारूही गाळायची. जन्माला, लग्नाला, मयताला, देवाला ती लागायचीच. एकोणिसाव्या शतकात जंगलपट्टीत घरोघरी भट्ट्या होत्या. ठेकेदाराला थोडेफार पैसे दिले की भागायचं.

१८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. सरकारला महसूल हवा होता. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या ठिकाणी दारू गाळायची, तिथेच कर वसूल करायचा, ठेकेदारामार्फत दुकानात विकायची, असा बेत. उरण हे त्या काळी दारूच्या भट्ट्यांचं मोठं केंद्र होतं. बघा म्हणजे, मोह आमच्या दारात, पण त्याची दारू विकत घ्यायची उरणवरून आलेली, करासकट.

तरी लोक चोरून गाळायचेच. मग १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा झाला, आणि तो खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. दारू राहू द्या, फूल बाळगण्यावरच निर्बंध! जे फूल उपासमारीच्या दिवसांत पोटाला आधार, तेच पुरावा झालं. आदिवासी दारूच्या दुकानात उधारीवर प्यायला लागला, उधारीपायी जमीन गेली. दारूचा ठेकेदार आणि सावकार पुष्कळदा एकच माणूस असायचा.

आपल्या पुढाऱ्यांनी दारूविरुद्ध आवाज उठवला, तो बरोबरच होता. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यात नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध केला. टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं करायला लोक उभे केले. त्याच टिळकांनी २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात होमरूल लीग काढली. होमरूल हा शब्दच आयर्लंडचा. चारच दिवस आधी डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव सुरू झाला होता. पण स्वराज्य आल्यावर झालं काय? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. शहरातल्या माणसाने परवाना काढून प्यावं, आणि डोंगरातल्या बाईने फुलाची टोपली लपवत न्यावी. झेंडा बदलला, जीप तीच राहिली.

आता माझ्या घरची गोष्ट. ही मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

मी सहावी-सातवीत असेन. आमच्या शेतावर एक कातकरी जोडपं कामाला यायचं. शिमग्याच्या पुढेमागे एका सकाळी जीप आली. ओढ्याकाठी त्यांची मडकी फोडली, वाळवलेली फुलं ओतून दिली, नवऱ्याला घेऊन गेले. बाई आमच्या ओट्यापाशी येऊन बसली. रडली नाही, नुसती बसून राहिली. आजोबांनी जाऊन दंड भरला, त्याला सोडवून आणलं. गावात आजोबांचं नाव झालं, किती मोठ्या मनाचा माणूस म्हणून. मलाही अभिमान वाटला होता.

त्या दंडाच्या पैशात त्या दोघांनी आमच्याकडे तीन पावसाळे काम केलं. चौथ्या वर्षी ती दोघं वीटभट्टीचा बयाणा घेऊन निघून गेली, ती परत दिसली नाहीत. आणि आजोबा रोज संध्याकाळी जी पेलाभर घ्यायचे, ती त्याच ओढ्यावरची असायची. जीप आमच्या ओट्यापर्यंत कधी आली नाही.

डब्लिनमध्ये तो पांढरा पेला नाकाशी धरला तेव्हा मला ती बाई आठवली. तीन पावसाळ्यांची मजुरी किती होते आणि दंड किती होता, हा हिशेब मी इतिहासाचा मास्तर असून कधी मांडला नव्हता.

काही जण म्हणतील, मास्तर दारूची जाहिरात करतायत. नाही. दारूने घरं बसतात हे मी शाळेत पोरांच्या तोंडांवर वाचलेलं आहे. बाटली आडवी करणाऱ्या बायांना माझा नमस्कारच आहे. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली, तेही विसरलेलो नाही. पण ती मोहाने मेली नाहीत, मिथेनॉलने मेली, जे कारखान्यातून येतं. आणि आयरिश माणूस म्हणजे आपला भाऊच, असंही समजू नका. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर हा आयर्लंडचाच.

माझा मुद्दा एवढाच. कुठली दारू प्रतिष्ठेची आणि कुठली गुन्ह्याची, हे नीतीने ठरलं नाही, महसुलाने ठरलं. नियम करायचेत तर सगळ्यांना सारखे करा. विमानतळावरची बाटली शोकेसमध्ये आणि मोहाची बाटली पोलीस चौकीत, हा न्याय नव्हे.

२०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध सैल केले. चांगलं झालं. फुलांचे लाडू होतात, सरबत होतं, सुकवून विकता येतात. पण आपल्या तालुक्यात प्रश्न आता वेगळाच झालाय. फुलं वेचायला परवानगी आली तोवर झाडंच चाललीत. महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं वाढतायत, बांधावरचा मोह आधी जातो. आमच्या ओढ्याकाठी लहानपणी मोहाची नऊ झाडं होती. परवा मोजली, दोन आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात मोहाची किती झाडं उरलीत ते मोजा आणि ग्रामसभेत नोंद करायला लावा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, जीप कधी आली होती, कुणाला नेलं होतं, दंड कुणी भरला आणि तो कसा फेडून घेतला. उत्तर आपल्याच घराच्या अंगावर येईल कदाचित. माझ्या आलं.

बाटली अर्धी आहे, आणि ती तशीच राहणार. ज्या बाईला ती विचारून उघडायची, तिचा पत्ता माझ्याकडे नाही.