एमडी झाल्यावर महाडला?

बाँडचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. एक बाजू म्हणते, सरकारी पैशावर शिकता, मग खेड्यात जायला काय होतं? दुसरी म्हणते, तिथे ना मशीन ना भूलतज्ज्ञ, जाऊन करू काय? मग कोणीतरी डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव काढतं आणि 'केवढा त्याग!' म्हणून विषय संपवतं. मला हा त्याग शब्द तोकडा वाटतो.

नागपूरहून एमबीबीएस झालेले बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तालुका महाड, जिल्हा तेव्हाचा कुलाबा. तिथे लाल विंचू चावून माणसं मरत होती. आधी ओकारी, दरदरून घाम, हातपाय थंडगार. मग फुफ्फुसात पाणी, तोंडाला फेस. धडधाकट पोरं रात्रीत जायची. पुस्तकात यावर नीट उपाय नव्हता. असणार कसा? पुस्तकं लिहिणारे मोठ्या शहरात, आणि हा रुग्ण तिथवर जिवंत पोचतच नव्हता.

पुढे त्यांनी पुण्यात मेडिसिनमध्ये एमडी केलं. आता शहरात बसायला हरकत नव्हती. ते परत कोकणात गेले, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडला दवाखाना थाटला. रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या नोंदी 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये आल्या. 1986 साली तिथेच प्राझोसिनचा उपाय छापून आला. ही रक्तदाबाची साधी गोळी. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो; गोळी त्या सैल करते. पूर्वी पश्चिम भारतात अशा रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत, नंतर हे प्रमाण एक टक्क्याखाली आलं.

म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, तो प्रश्न महाडलाच होता. संशोधक म्हणून ही निवड चोख होती.

पण 'बावस्कर गेले, तुम्हीही जा' हेही मला पटत नाही. गोळी स्वस्त, तोंडाने द्यायची. हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्याला शस्त्रक्रियागृहाशिवाय तालुक्याला धाडलं तर तो रेफरची चिठ्ठीच लिहिणार. आणि महाड म्हणजे काही जंगल नव्हे, मुंबई-गोवा महामार्गावरचं तालुक्याचं गाव. आसपासच्या वाड्यांतून रुग्ण आणता येतो. हेही बघायला हवं ना?

2011 साली प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो का, याची 70 रुग्णांवरची चाचणी 'बीएमजे'त आली. लवकर सावरतो, असं निघालं. चाचणी झाली महाडच्या त्याच दवाखान्यात.