मोटारीतला वाटाड्या

जुन्या पुण्यात पत्ता सांगण्याची एक रीत होती. घरांना क्रमांक असत, नाही असे नाही; पण ते टपालवाल्यापुरते. पाहुण्याला सांगायचे ते ‘सोन्या मारुतीपाशी या आणि कोणालाही विचारा’ किंवा ‘पत्र्या मारुतीवरून पुढे’. पत्ता म्हणजे निम्मी माहिती आणि निम्मी विचारपूस. आज मोटारीतल्या पडद्यावर निळी रेघ उमटते, ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असा आवाज येतो, आणि कोणालाच काही विचारावे लागत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की, आकाशातील उपग्रह आपली मोटार पाहतो आणि वाट सांगतो. ही समजूत साफ चुकीची आहे. उपग्रहाला आपली मोटार दिसत नाही, ती आहे हेही त्याला ठाऊक नसते. मग वाट सांगतो कोण? याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि तो इतिहास उपग्रहांच्याही मागे जातो.

मोटारी नुकत्याच रस्त्यावर आल्या होत्या तेव्हाची, 1909 सालची गोष्ट. अमेरिकेत जोन्स नावाच्या गृहस्थाने ‘लाइव्ह मॅप’ नावाचे यंत्र काढले. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी कागदाची तबकडी, तिच्या कडेने मैल आणि वळणे छापलेली. ती एका तारेने मोटारीच्या चाकाशी जोडलेली असे. चाक फिरे तशी तबकडी फिरे, आणि काट्याखाली पुढचे वळण येई. शंभर मैल झाले की दुसरी तबकडी चढवायची. गाडीने छापील वाट सोडली की मात्र यंत्र खोटे बोलू लागे. कारण आपण किती चाललो हे त्याला कळे, कोणत्या दिशेला चाललो हे कळत नसे.

ही उणीव भरून निघायला सत्तर वर्षे लागली. 1981 साली जपानात होंडा कंपनीने दिशा ओळखणारे यंत्र मोटारीत बसविले. हेलियम वायूच्या झोताच्या साहाय्याने गाडीचे वळणे मोजायचे, चाकावरून अंतर मोजायचे, आणि पारदर्शक नकाशामागे पडद्यावर एक ठिपका सरकवायचा, अशी ती योजना. पण अशा मोजणीत चूक साचत जाते. दर फर्लांगाला हातभर चुकले तरी दिवसअखेर ठिपका भलत्याच आळीत असायचा.

या साचणाऱ्या चुकीवर जो उपाय निघाला, तो आम्हांस या साऱ्या इतिहासातला सर्वांत बुद्धिमान वाटतो. 1985 साली कॅलिफोर्नियात ‘एटॅक’ नावाचे यंत्र विक्रीस आले. स्टॅन हनी या त्याच्या जनकाला शिडाच्या नौकांचा नाद होता. एटॅक हा शब्दच मुळी प्रशांत महासागरातील नावाड्यांचा. ते होकायंत्रावाचून शेकडो मैल जात, आणि जाताना असे मानीत की आपली होडी जागीच उभी आहे व बेटे मागे सरकताहेत. हनीच्या पडद्यावरही मोटार मध्यभागी स्थिर असे आणि नकाशा तिच्याभोवती फिरे. नकाशे कॅसेटवर भरलेले. एका मोठ्या शहराला एकाहून अधिक कॅसेटी लागत. पण खरी करामत पुढेच आहे. मोटार रस्त्यावरूनच चालणार, लोकांच्या परसातून नव्हे, हे यंत्राला शिकविले होते. गाडी वळली की यंत्र नकाशात जवळचे वळण शोधी, आणि ‘आपण इथे असलो पाहिजे’ असे म्हणून साचलेली चूक झटकून टाकी. हे सारे एकाही उपग्रहाच्या मदतीवाचून!

उपग्रहांची कथा निराळ्या उगमातून आली. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोघे तरुण त्याची शिट्टी ऐकत बसले. आगगाडी जवळ येताना तिची शिट्टी चढी आणि दूर जाताना उतरती वाटते, तसाच फरक त्यांना त्या संदेशात आढळला, आणि त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ मॅक्ल्यूर यांनी पुढच्या वर्षी गणित उलटे करून विचारले : उपग्रह कोठे आहे हे ठाऊक असेल, तर ऐकणारा कोठे आहे हे काढता येईल काय? येत होते. अमेरिकी आरमाराला पाणबुड्यांसाठी तेच हवे होते.

आजची जी.पी.एस. योजना तिच्या पुढची. तिचा पहिला उपग्रह 1978 साली गेला आणि चोवीस उपग्रहांचा संच 1995 साली पूर्ण कामास लागला. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा एवढेच सतत सांगत राहतो. आपले यंत्र निदान चार उपग्रहांचे ऐकते आणि संदेश किती उशिरा पोहोचला यावरून अंतरे काढते. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळे खालच्यापेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक पडेल.

ही व्यवस्था लष्कराची. 1983 साली वाट चुकून रशियन हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले, 269 माणसे मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही सोय नागरी विमानांनाही मोकळी होईल असे जाहीर केले. मोकळी झाली, पण हेतुपुरस्सर बिघडवून! सामान्यांच्या संदेशात शंभर मीटरपर्यंत चूक मिसळलेली असे. म्हणूनच 1990 साली माझदाच्या मोटारीत उपग्रहाचे यंत्र प्रथम बसले, तरी चाक, दिशा आणि नकाशा यांची जुनी युक्ती सुटली नाही. ती चूक मिसळणे थांबले ते अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेने, मे 2000 च्या आरंभी, एका रात्रीत. जे एका आज्ञेने सुधारते ते एका आज्ञेने बिघडूही शकते, हे इतर देशांनी ओळखले. आपल्या इस्रोने 2013 ते 2016 या काळात सात उपग्रहांचा स्वतःचा संच उभा केला. ‘नाविक’ हे त्याचे नाव. त्यातील काही परदेशी आण्विक घड्याळे बंद पडली, तेव्हा 2023 साली सोडलेल्या उपग्रहात भारतीय बनावटीचे घड्याळ बसविले गेले. घड्याळासारखी वस्तू, पण परावलंबन केवढे!

आता यंत्र निवडायचे कसे, असे आम्हांस नेहमी विचारतात. आमचे उत्तर एवढेच की, उपग्रहांची संख्या विचारू नका, नकाशा कधी सुधारला ते विचारा. आकाशातला संदेश सर्वांना सारखाच आणि फुकट मिळतो. त्याला इंटरनेटही लागत नाही. घाटात फोनची रेंज जाते तेव्हा नाहीसा होतो तो नकाशा, जागा नव्हे. म्हणून निघण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा. बोगद्यात शिरल्यावर मात्र उपग्रह खरोखरच दिसेनासे होतात. तेथे मोटारीतच बसविलेले यंत्र चाकांचे फेरे मोजून पुढे चालते. भाताणच्या बोगद्यात होंडाचा 1981 चा ठिपका पुन्हा जिवंत होतो म्हणा ना.

आणि गावाचे नाव पुरते घालावे. एकदा आम्ही पुण्याहून पिंपळगाव बसवंतला व्याख्यानाला निघालो. चालक नवखा, त्याने नुसतेच ‘पिंपळगाव’ घातले. आम्ही मागे टिपणे चाळीत होतो. आळेफाट्याला गाडी डावीकडे वळली, ओतूर मागे पडले, आणि समोर पाहतो तो धरणाचे पाणी. यंत्र म्हणाले, आपण पोहोचलात. बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी आमच्या अंगावरची शाल पाहिली आणि विचारले, “कंचं पिंपळगाव पायजे? ह्ये जोग्याचं. तुमचं बसवंताचं आसंल, त्ये पार नाशकाच्या पल्याड.” व्याख्यान सहाचे होते, आम्ही पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि उरलेल्या मंडळींना पहिला तपशील हवा होता तो आम्ही कोठे चुकलो याचा.