शंकरशेट घराण्याचे मूळ

आधुनिक मुंबईच्या जडणघडणीत अग्रभागी असलेले जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३-१८६५) यांच्या नावातील ‘शंकरशेट’ हे आडनाव नव्हे. ते त्यांच्या वडिलांचे नाव. दैवज्ञ समाजातील या घराण्याचे आडनाव मुरकुटे आणि मूळ गाव ठाणे जिल्ह्यातील मुरबाड. अठराव्या शतकात नानांचे पूर्वज गणबाशेट मुंबईत आले व कोटाच्या आत त्यांनी व्यापारात जम बसवला. पुढे बाबुलशेट आणि त्यांचे पुत्र शंकरशेट यांनी घराण्याचा लौकिक वाढवला. १८२२ मध्ये शंकरशेट निवर्तले, तेव्हा व्यवसायाची धुरा विशीच्या आतील नानांवर आली. वडिलोपार्जित संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी शिक्षण व लोकोपयोगी कार्यासाठी वेचला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक संस्थापक होते.

फोर्टमधील ‘गनबो स्ट्रीट’ हे नाव गणबाशेटांवरून पडले, असे मानले जाते. इंग्रजी उच्चारात मूळ नाव झाकोळले आणि कालांतराने तो रस्ताही रुस्तम सिधवा मार्ग झाला. नानांची स्मृती गिरगावातील मार्ग आणि ग्रँट रोडजवळचा नाना चौक जपतात. मुरकुटे हे आडनाव मात्र फारसे कोणाच्या स्मरणात उरलेले नाही.