सावकारी पाश

सावकारी पाश : मराठी सामाजिक मूकपट (१९२५). कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने निर्मिलेल्या या मूकपटाचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) होत. नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) यांच्या कादंबरीवर तो आधारित होता. पेंटरांचा आधीचा सिंहगड (१९२३) हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवरून घेतला होता. नामसादृश्यामुळे या दोन लेखकांची गल्लत होते, ती टाळावयास हवी.

लबाड सावकार अडाणी शेतकऱ्याची जमीन गिळंकृत करतो आणि कुणब्याला पोटासाठी शहरात जाऊन गिरणीकामगार व्हावे लागते, असे याचे कथानक. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम (१९०१–९०) यांनी केली. झुंझारराव पवार, कमलादेवी यांच्याही भूमिका होत्या. विषय प्रेक्षकांच्या परिचयाचाच होता. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ च्या दंग्यांत सावकारांकडील कर्जरोखे जाळले होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तथापि नांदेड, लातूर धरून सारा मराठवाडा निजामी अंमलाखाली असल्याने या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांना मात्र आपलेच दैन्य पडद्यावर पाहणे रुचले नाही. मूकपटास व्यावसायिक यश लाभले नाही.

पेंटरांनी शालिनी सिनेटोनसाठी १९३६ मध्ये हीच कथा बोलपटरूपाने पुन्हा चित्रित केली. अंधुक प्रकाशातील उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे हे दृश्य अनेकदा मूकपटाचे म्हणून वर्णिले जाते. वस्तुतः निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच्. वाडिया यांनी ते बोलपटाविषयी लिहिले आहे. मूकपट त्यांना पुसटसाच आठवत होता. रडणे ऐकू येण्यास ध्वनी हवा, हे साधे प्रमाणही पुरेसे आहे. अशा रीतीने हरवलेल्या कृतीची कीर्ती काही अंशी तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर पोसली गेली आहे. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ येथे मानण्यास कथानकाचा आधार आहे. चित्रणशैलीविषयीची ठाम विधाने मात्र जपूनच स्वीकारावी लागतात.

मूकपटांच्या नायट्रेट फिती ज्वालाग्राही व नाशवंत असत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले (१९६४), तोवर बहुतेक भारतीय मूकपट नष्ट झाले होते. पेंटरांच्या मुरलीवाला (१९२७) या पौराणिक मूकपटाचे काही भाग टिकले; सावकारी पाश टिकला नाही. शांतारामांनी पुढे कुंकू (१९३७) या बोलपटासाठी आपट्यांचीच न पटणारी गोष्ट ही कादंबरी निवडली.