१०२ फुटांची तार नेमकी कशासाठी होती?

तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायचं ठरवलं असेल, तर एक छोटं उदाहरण घेऊ. घराभोवती जागा कमी आहे आणि एकाच तारेवर हौशी रेडिओचे ८०, ४०, २०, १५, १० मीटर असे सगळे बँड चालवायचे आहेत. कुठल्याही हॅमला विचारा, उत्तरात ‘जी५आरव्ही’ हे नाव येतंच. हे ब्रिटिश हौशी रेडिओचालक लुई वार्नी यांचं कॉलसाइन. पाठोपाठ एक विधानही येतं: वार्नींनी १९४६ साली लहान बागेसाठी सर्व बँडांचा अँटेना शोधला. हे विधान तुम्ही प्रबंधात जसंच्या तसं घ्याल का?

आधी नुसतं माप बघा. कागदपत्रांच्या आधी वस्तूच पुरावा देते. आडवी तार १०२ फूट, म्हणजे सुमारे ३१ मीटर. ८० मीटर बँडवर अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण ४० मीटर लागते, ४० मीटर बँडवर २०. ३१ मीटर यातल्या कशातच बसत नाही. १४ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे २० मीटर बँडवर मात्र अर्धी तरंगलांबी साधारण १० मीटर. तीन अर्ध्या लांब्या धरल्या की बरोबर हेच माप येतं. मधून खाली उतरणारा दोन समांतर तारांचा ३४ फुटी फीडरसुद्धा त्याच बँडवर अर्ध्या तरंगलांबीचा आहे. त्यामुळे वर जो रोध असतो तोच खालच्या टोकाला जवळपास तसाच दिसतो आणि तिथून साधी केबल जोडता येते. म्हणजे हिशोब मांडला गेला तो २० मीटरचा. बाकीच्या बँडांवर ही तार ट्यूनरच्या मदतीने चालते.

मग ‘सर्व बँडांचा अँटेना’ ही निव्वळ दंतकथा? इतक्या घाईने उलट्या टोकाला जाऊ नका. जुलै १९५८ च्या आरएसजीबी बुलेटिनमध्ये वार्नींचा लेख आला, तेव्हा शीर्षकातच त्याला बहु-बँड म्हटलं होतं. पण १९४६ आणि १९५८ मध्ये बारा वर्षांचं अंतर आहे. रचना करतानाचा हेतू आणि छापतानाची मांडणी एकच होती, हे गृहीत धरायला आधार काय? ‘शोध लावला’ या एका क्रियापदात आपण किती साली घडलेल्या किती गोष्टी कोंबतो, बघा.

आता खरी गंमत. जुलै १९८४ च्या ‘रेडिओ कम्युनिकेशन’मध्ये वार्नी पुन्हा लिहितात. हा अँटेना सर्वांत खालच्या बँडचा अर्धतरंग डायपोल म्हणून आखलेला नाही, असं तिथे ते स्वतःच स्पष्ट करतात. त्याच लेखात ‘मूळ लेख’ म्हणून ते नोव्हेंबर १९६६ च्या बुलेटिनचा उल्लेख करतात, १९५८ च्या नव्हे! शिवाय तिथे सुचवलेला बलून आता नको म्हणतात, कारण त्या जागी भार फारच रिॲक्टिव्ह असतो. मग बलून लावलेला जी५आरव्ही खरा की न लावलेला? निर्मात्यालाच विचारलं तर उत्तर सालानुसार बदलतं. साल न देता ‘वार्नींच्या मते’ असं लिहिलेली तळटीप मला तरी निरुपयोगी वाटते.

आणखी एक सापळा कालविपर्यासाचा. आज पुष्कळ जण या अँटेनाला नावं ठेवतात: बऱ्याच बँडांवर एसडब्ल्यूआर जास्त येतो म्हणून. पण त्या काळचे व्हॉल्व्हचे ट्रान्समीटर आउटपुट फिरवून वेगवेगळ्या भारांशी जुळवून घेता येत. नंतरचे ट्रान्झिस्टरचे सेट ठरीव ५० ओहमसाठी बांधलेले. न जुळणी दिसली की ते शक्ती कमी करतात. १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्‌झचे बँड तर १९७९ च्या जागतिक परिषदेनंतर मिळाले. तार तीच राहिली, खोलीतला डबा आणि कायदा बदलला. आजच्या मीटरने १९४६ चा निकाल लावायचा, हे काही बरोबर नाही.

दक्षिण आफ्रिकेतले ब्रायन ऑस्टिन यांनी ऐंशीच्या दशकात संगणकावर वेगळा प्रश्न घातला: ट्यूनरशिवाय ५० ओहमच्या केबलला जास्तीत जास्त बँड जुळतील अशी मापं कोणती? उत्तरात आडवी तार आखूड झाली, फीडर लांब. लोक त्यांच्या झेडएस६बीकेडब्ल्यू अँटेनाला ‘सुधारित जी५आरव्ही’ म्हणतात. मला ‘सुधारित’ हा शब्द खटकतो, कारण इथे मुळात विचारलेला प्रश्नच दुसरा आहे.

आणि लहान बाग? तिचा पुरावा मला १०२ या आकड्यापेक्षा १९८४ च्या लेखातल्या एका सूचनेत जास्त दिसतो. जागा पुरत नसेल तर दोन्ही टोकांना एकूण लांबीच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत तार खाली सोडा किंवा वाकवा, कारण उपयुक्त प्रारण मधल्या दोन-तृतीयांश भागातून होतं, असं वार्नी तिथे सांगतात. म्हणजे ६८ फुटांच्या आवारातही काम भागतं. १९४६ च्या कथेत ही बाग कधी शिरली, ते शोधायचं असेल तर मधल्या काळातले अंक एकेक करून चाळायला हवेत.