सेंट इलायस शिखर

सेंट इलायस : उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील हिमाच्छादित शिखर. उंची ५,४८९ मी. अमेरिकेचे अलास्का राज्य आणि कॅनडाचा यूकॉन प्रदेश यांच्या सीमेवर ते उभे असून दोन्ही देशांत उंचीने त्याचा दुसरा क्रमांक लागतो. कॅनडातील लोगन (५,९५९ मी.) त्याहून उंच आहे, मात्र ते आतल्या हिमक्षेत्रात दडलेले. सेंट इलायसच्या पायथ्याजवळ थेट समुद्र येतो. आइसी उपसागराचा फाटा असलेल्या तान फ्योर्डपासून माथा जेमतेम सोळा-सतरा किमी. दूर आहे. एवढ्या थोड्या अंतरात एवढा चढ जगात फार कमी ठिकाणी आढळतो, आणि या शिखराचे खरे मोठेपण त्यातच आहे.

याकुटाट हा भूखंडाचा तुकडा वर्षाला सु. ५ सेंमी. वेगाने उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर आदळत असल्याने सेंट इलायसची पर्वतरांग अजूनही उचलली जात आहे. अलास्काच्या आखातावरून येणारे दमट वारे तिला अडतात आणि प्रचंड हिमवृष्टी होते. त्यातून पोसलेल्या हिमनद्यांपैकी मालास्पिना ही डोंगरातून उतरून किनारी सपाटीवर पसरते. या प्रकारची ती जगातील सर्वांत मोठी हिमनदी होय.

क्वाश्क क्वान या त्लिंगित कुळाचे पूर्वज कॉपर नदीकडून याकुटाटला येताना याच शिखराच्या रोखाने चालत आले, अशी परंपरा आहे. शिखर हे त्यांचे कुलचिन्ह आहे. युरोपीयांपैकी व्हिटस बेरिंगच्या मोहिमेला ते १७४१ च्या जुलैत समुद्रावरून दिसले. ३१ जुलै १८९७ रोजी अब्रुझीचे ड्यूक लुइजी आमेदेओ यांच्या इटालियन तुकडीने प्रथम माथा गाठला. दुसरी यशस्वी चढाई थेट १९४६ मध्ये झाली, यावरून वादळी हवा आणि दुर्गमता यांची कल्पना यावी. जवळची वस्ती याकुटाट. तिलाही बाहेरून रस्ता नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी आइसी उपसागर बर्फाने भरलेला होता. पुढे हिमनद्या मागे सरकल्या. टिंडल हिमनदी १९६१ ते १९९१ या काळात सु. १७ किमी. हटली आणि तान फ्योर्ड मोकळा झाला; पण बर्फाचा आधार गेलेले त्याचे उतार कमकुवत झाले. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथे कडा कोसळला. उसळलेले पाणी समोरच्या उतारावर १९३ मी. उंच चढले. पाहायला कोणी नव्हते. दूरच्या भूकंपमापकांवरील नोंदींवरून ही घटना कळली.